पडद्यावरची शब्दकोडी : लाभ किती, धोका कोठे?

शब्दकोडे हा मूळचा वर्तमानपत्राचा खेळ. आर्थर विन यांनी रचलेले पहिले आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकात प्रसिद्ध झाले. पुढे आल्फ्रेड बट्स यांच्या अक्षरसोंगट्यांच्या खेळाला १९४८ मध्ये 'स्क्रॅबल' हे नाव मिळाले. २००३ मध्ये 'बुकवर्म', २००९ मध्ये 'वर्ड्स विथ फ्रेंड्स' आणि २०२१ मध्ये 'वर्डल' आल्याने हा खेळ संगणकावरून मोबाइलवर आणि तेथून मुलांच्या हाती पोहोचला. मारधाडीच्या व्हिडिओ गेमपेक्षा हे बरे, अशी बहुतेक पालकांची समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे.

लाभ आधी पाहू. शब्द तयार करताना मूल अक्षरांचा क्रम मनात मांडते, मोडते, पुन्हा मांडते. त्यातून स्पेलिंग पक्के होण्यास मदत होते. चूक झाली तर लगेच कळते आणि रागावणारे कोणी नसते. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासाठी ही गोष्ट लहान नाही. मात्र अशा खेळाने 'बुद्धी वाढते' या दाव्याला फारसा आधार नाही. मेंदूला चालना देणाऱ्या खेळांवरील संशोधनाचा विस्तृत आढावा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये घेतला. ज्या प्रकारचा सराव केला त्यातच प्रगती होते, दूरच्या कौशल्यांवर परिणाम झाल्याचे पुरावे तुटपुंजे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी 'लुमॉसिटी' या खेळाच्या कंपनीने फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड केली.

सर्वांत बोलका दाखला फिनलंडचा आहे. तेथील युवास्कुला विद्यापीठात विकसित झालेला 'ग्राफोगेम' मुलांना अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालायला शिकवतो. अनेक देशांतील प्रयोग एकत्र पडताळून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शब्दवाचनावर त्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आढळला. परंतु जेथे मोठी माणसे मुलांबरोबर खेळात लक्ष घालत होती, तेथे लाभ स्पष्ट दिसला. खेळ तोच, फरक शेजारी बसणाऱ्या माणसाचा.

याचे कारण समजणे अवघड नाही. अनेक मोबाइल खेळांत गोलात मांडलेली अक्षरे बोटाने जोडायची असतात. चुकीच्या जोडणीला काही दंड नसल्याने मूल बोट फिरवत राहते आणि केव्हातरी शब्द चौकटीत जाऊन बसतो. त्याचा अर्थ मात्र बाहेरच राहतो. 'हा शब्द तू कुठे ऐकलास?' एवढे विचारणारे कोणी असले, तरच तो शब्द मुलाचा होतो. स्पेलिंगचाही एक पेच आहे. भारतीय शाळांत ब्रिटिश स्पेलिंग शिकवले जाते; 'वर्डल'ची उत्तरे मात्र अमेरिकी वळणाची असतात. २०२२ मध्ये 'ह्यूमर' हा शब्द 'यू' गाळून पाच अक्षरांत आला, तेव्हा ब्रिटनमध्येही कुरकुर झाली होती.

खरा धोका शब्दांत नाही, शब्दांभोवतीच्या बाजारात आहे. खेळ फुकट असतो. अडल्यावर मिळणारी सूचना जाहिरात पाहून किंवा पैसे मोजून घ्यावी लागते. रोज न चुकता खेळल्याचा हिशेब दाखवला जातो आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. दहा वर्षांच्या मुलाला ते शून्य फार लागते. दिवसाला एकच कोडे देणारा 'वर्डल' या बाबतीत संयमी म्हणावा लागेल. पण रोजच्या सलगतेचा हिशेब त्यालाही चुकलेला नाही. अनोळखी खेळाडूंशी गप्पांची सोय आणि माहितीची गळती हे आणखी दोन प्रश्न आहेत. 'वर्ड्स विथ फ्रेंड्स'च्या खेळाडूंच्या खात्यांची माहिती चोरीस गेल्याचे झायंगा कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये मान्य केले होते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण आहे. हे खेळ २६ सुट्या अक्षरांच्या इंग्रजीसाठी घडवलेले आहेत. मराठी कोड्यात 'महाराष्ट्र' चार चौकटींत बसतो, कारण मात्रा आणि जोडाक्षर एकाच घरात राहतात. संगणकाच्या सांकेतिक हिशेबात मात्र त्याच शब्दाची दहा चिन्हे होतात. साहजिकच इंग्रजी खेळाचा साचा उचलून मराठीचा खेळ होत नाही. दैनिकातले शब्दकोडे आणि गावांच्या नावांच्या भेंड्या या उणिवेवर अजूनही उत्तम तोड आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. त्याहून लहानांना तो नकोच. मोठ्या मुलांबाबत घड्याळापेक्षा वागणूक पाहावी. खेळावर ताबा न राहणे, अभ्यास-मित्र मागे पडणे आणि नुकसान दिसूनही खेळ चालूच राहणे हे साधारणपणे वर्षभर टिकले, तर संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तो विकार मानला जातो. त्याआधी घरात करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत : मोबाइलवरील खरेदीला पासवर्ड लावणे, गप्पांची सोय आणि सूचनांचे आवाज बंद करणे, मुलाच्या खात्यावर खरे नाव व छायाचित्र न ठेवणे आणि रोजचे एखादे कोडे त्याच्याबरोबर बसून सोडवणे.