गुरुस्मृती आणि निधी

गुरू निवर्तला म्हणजे त्याच्या शिष्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो त्याच्या स्मृतीला कोणते रूप द्यावयाचे, हा. तसबीर लावावी, गौरवग्रंथ काढावा, की वर्गणी जमवून त्याच्या नावे शिष्यवृत्ती अगर व्याख्यानमाला सुरू करावी? मराठी विद्वत्समाजाने हा तिसरा मार्ग अनेकदा पत्करला आहे. त्याचा इतिहास पाहता असे दिसते की, निधीचे यश जमलेल्या रकमेवर अवलंबून नसते. ती रक्कम घेणाऱ्याकडून कोणत्या कार्याची अपेक्षा केली जाते, यावर ते अवलंबून असते.

विद्येसाठी द्रव्य राखून ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास वाटली जाणारी दक्षिणा हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. तथापि ती दक्षिणा ब्राह्मणांपुरती मर्यादित होती. इंग्रजी अमलात तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ द्यावा, असा अर्ज १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृतींनी केला, तेव्हा पुण्यातील सनातनी मंडळी खवळली आणि अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. निधी कोणाचा, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे कोणासाठी, हा प्रश्न असा आरंभापासूनच आपल्याबरोबर आहे. याच दक्षिणेतून पुढे विद्यालयीन फेलोशिपा निघाल्या, आणि १८५९ मध्ये तरुण रामकृष्ण गोपाळ भांडारकर दक्षिणा फेलो झाले.

भांडारकरांचेच नाव दुसऱ्या एका निधीशीही निगडित आहे. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. १८३२ मध्ये त्यांनी काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. धर्मप्रसार हे त्यांचे उघड प्रयोजन होते आणि त्यापायी मुंबईत कटू वादही झाले. परंतु मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीस त्यांनी जोडलेला मराठी भाषेच्या घटकांविषयीचा निबंध भाषाभ्यासकाच्या जिज्ञासेतून उतरलेला होता. विल्सन १८७५ मध्ये वारले. मुंबई विद्यापीठातील भाषाशास्त्रविषयक व्याख्यानपदास त्यांचे नाव मिळाले, आणि १८७७ मध्ये त्या पदावरून भांडारकरांनी संस्कृतापासून आधुनिक देशी भाषांपर्यंतचा विकास सात व्याख्यानांत मांडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. भांडारकर विल्सनांच्या शाळेचे विद्यार्थी नव्हते, आणि त्यांच्या धर्माचे तर नव्हतेच. विल्सनांची स्तुती करणे हे त्यांचे काम नव्हते. विल्सनांनी निबंधात उपस्थित केलेला विषय पुढे नेणे हे होते. किंबहुना निधीने भक्त मागितला नाही, अभ्यासक मागितला. म्हणूनच तो फळास आला. ही व्याख्याने ग्रंथरूपाने १९१४ मध्ये आली. त्यानंतर झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला व वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. त्याच वर्षी डॉ. सुमित्र मंगेश कत्रे विल्सन व्याख्याते होते. एका परदेशी शिक्षकाच्या नावाभोवती मराठीच्या इतिहासाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या असा चालत राहिला.

दुसरे उदाहरण डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांचे. बडोद्याचे चिमणलाल दलाल यांनी ‘भविसयत्तकहा’ या अपभ्रंश काव्याचे संपादन हाती घेतले होते. १९१८ मध्ये ते निवर्तले. ते अपुरे काम गुण्यांनी पुरे करीत आणले. पण १९२२ मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी, गुणे स्वतःच गेले. ग्रंथ १९२३ मध्ये निघाला तेव्हा दोघेही संपादक हयात नव्हते. पुढे पुणे विद्यापीठात गुण्यांच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला सुरू झाली. तिची पहिली व्याख्याने १९६० मध्ये राल्फ टर्नर यांनी दिली, आणि विषय होता भारतीय आर्यभाषांतील ध्वनिपरिवर्तन. ज्याने दुसऱ्याचे अपुरे काम उचलले, त्याच्या स्मृतीला याहून उचित रूप कोणते असणार?

याउलट केवळ गुणवत्तेचा गौरव करणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीला मराठी घरांत जो मान मिळाला तो अपूर्व होय; १९१२ मध्ये ती पटकावणारे चिंतामणराव देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. संस्कृताच्या अध्ययनास तिने बळ दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु अशा शिष्यवृत्तीत विद्यार्थी मोठा होतो, आणि जिचे नाव तिला आहे ती व्यक्ती मागे पडते. शिवाय रुपयाचे मोल घटत जाते. ज्या व्याजावर एके काळी विद्यार्थ्याचे वर्ष निभत असे, त्यात पुढे एखादा कोशही येईनासा होतो. तेव्हा उरते ते नाव. आणि नावामागे कार्याचा धागा नसेल, तर तेही कोरडेच.

नव्या रायपुरात बसून हे लिहिताना माधवराव सप्रे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मातृभाषा मराठी असलेल्या या रायपूरच्या विद्यार्थ्याने १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९२६ मध्ये ते वारले. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे, भोपाळात १९८४ पासून त्यांच्या नावाचे वृत्तपत्र-संग्रहालय आहे. ही स्मारके योग्यच होत. संग्रहालय तर कार्यशील स्मारक आहे. तरीही सप्रे यांचे जे विशेष कार्य, म्हणजे मराठी विचार हिंदीत आणणे, ते चालविणाऱ्या तरुण अनुवादकाला दोन वर्षे निर्वेधपणे बसता येईल, एवढी शिष्यवृत्ती हे त्यांचे खरे तर्पण ठरेल. तिच्यासाठी अट एकच असावी: हाती घेतलेला ग्रंथ पुरा करावा. तो अनुवादक सप्रे यांच्या मतांशी सहमत आहे की नाही, हे कोणी विचारू नये.

गुरूचे ऋण फिटत नाही, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण ते पुढच्याच्या हाती सोपविता येते. भांडारकरांना दक्षिणेतून मिळाले ते त्यांनी विल्सनांच्या नावाने दिलेल्या व्याख्यानांतून मराठीला परत केले. निधीचा जमाखर्च मांडावयाचा तर तो असा मांडावा.