सांडव्याची उपेक्षा : का लोको धरणाचा धडा

धरणांच्या इतिहासात बांधणाऱ्यांची नावे आपण आदराने नोंदवितो. परंतु बांधून झालेल्या धरणाची निगा पुढे कोणी राखावयाची, या प्रश्नाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. हवाई द्वीपसमूहातील कौआई बेटावरील का लोको धरणाचा इतिहास हा मुख्यतः याच प्रश्नाचा इतिहास आहे.

हे मातीचे धरण १८९० मध्ये ऊसमळ्यांच्या सिंचनासाठी बांधण्यात आले. १९७१ मध्ये तेथील साखर कंपनी बंद पडली. ऊस गेला, पाणी मात्र भरावामागे तसेच उभे राहिले. पुढे जलाशयाची जमीन एक खाजगी मालक व एक विश्वस्तनिधी यांच्यात विभागली गेली आणि पाणीवाटप तिसऱ्याच कंपनीकडे आले. सरकारदप्तरी धरणाची नोंद ‘कमी धोक्याचे’ अशी होती.

दगडी धरणाच्या माथ्यावरून काही काळ पाणी वाहिले, तरी ते बहुधा तग धरते. मातीच्या भरावाचे तसे नसते. ओसंडणारे पाणी उतारावरील माती खरवडून नेते, घळ पडते आणि पाहता पाहता भराव फुटतो. म्हणून जादा पाणी सुखरूप बाहेर काढणारा सांडवा हाच अशा धरणाचा प्राण होय.

दीर्घ अतिवृष्टीनंतर १४ मार्च २००६ रोजी पहाटे का लोको फुटले. सुमारे ४० कोटी गॅलन पाणी खाली कोसळले व ७ माणसे मृत्युमुखी पडली. कार्यक्षम सांडवा नसल्याने पाणी माथ्यावरून गेले असावे, असा निष्कर्ष २००७ च्या चौकशी अहवालाने काढला. सरकारी देखरेखीतील उणिवाही त्याने दाखविल्या. त्याच वर्षी हवाईने धरण सुरक्षेचा नवा कायदा केला. इतरांचे जीवित धोक्यात घातल्याबद्दल मालकास २०१४ मध्ये कारावासाची शिक्षा झाली.

१२ जुलै १९६१ रोजी फुटलेले आपले पानशेतही मातीचेच होते. पण ते सरकारी होते. भारताचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा खाजगी मालकांनाही बांधील करतो. तथापि १० मीटरहून कमी उंचीची धरणे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे मालकाची दक्षता हेच पहिले संरक्षण होय. खरेदीखताने जमिनीसह सांडव्याचे उत्तरदायित्वही हाती येते, हे भान प्रत्येक नव्या मालकाने बाळगणे अगत्याचे आहे.