काळी, पांढरी आणि खालचा दगड

ज्वालामुखी पाहायला वर्धा जिल्ह्यात कोणी येत नाही. सिंदी (रेल्वे)च्या स्थानकावर उतरले की चहूकडे सपाट शिवार दिसते. त्यात पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. शंकूच्या आकाराचा डोंगर नाही की धुराची रेघ नाही. तरी या गावाच्या पायाखाली आहे तो थिजलेला लाव्हाच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून तो उसळला, पसरला, निवला आणि त्यावर पुन्हा नवा थर चढला. झिजून झिजूनही आज हा खडक सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते, पूर्वेकडे येता येता तो पातळ होत जातो. नागपूरची सीताबर्डीची टेकडी याच दगडाची. सिंदी याच पसाऱ्याच्या पूर्वेकडच्या भागात येते.

हे उद्रेक सलग झाले नाहीत. दोन उद्रेकांमध्ये मोठे खंड पडत. तेवढ्या अवधीत तळी साचत, गोगलगायी वाढत, ताडामाडाची झाडे उगवत आणि पुढचा लाव्हा आला की सगळे गाडले जाई. नागपूरजवळच्या टाकळीला अशा तळ्यांतले शिंपले दगड होऊन सापडले. ते गोळा करून 1850च्या दशकात जगापुढे मांडणाऱ्यांपैकी एक होते मिशनरी स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. सिंदीपासून फार लांब नसलेल्या टाकळघाटला दगडांची प्राचीन वर्तुळे आहेत. ती पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले.

ती वर्तुळे उभारणाऱ्यांनी दगड वापरला तो इथलाच, काळा. नागपूर विद्यापीठाने 1960च्या दशकाच्या अखेरीस टाकळघाट-खापा इथे उत्खनन केले, तेव्हा लोहयुगातल्या माणसांच्या वस्तीच्या आणि दफनांच्या खुणा हाती आल्या. म्हणजे या मुलखातला माणूस निदान अडीच हजार वर्षे लाव्हाच्या दगडावर राहतो आहे, आणि त्या काळी त्याच दगडाखाली आपली माणसे पुरत होता.

या दगडाचे गूढ लोकांनी आपल्या परीने उकललेही. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. टेकडीवर फळांसारखे दिसणारे गोल गोटे मिळतात. एका व्यापाऱ्याने बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्याच्या मालाचे दगड केले, अशी कथा सांगतात. भूशास्त्राच्या हिशेबी हे गोटे झिओलाइट जातीच्या खनिजांचे, म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेले. भाविक मात्र ते श्रद्धेने घरी नेतात.

या दगडाचे खरे देणे म्हणजे त्याची झीज. हा बेसाल्ट खडक कुजून काळी माती झाली आणि तिच्यावर सगळा मुलूख उभा राहिला. ब्रिटिश काळातल्या जमाबंदीत या भागातल्या जमिनीची प्रतवारी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी होई. काळी सर्वांत खोल आणि पाणी धरून ठेवणारी. बरडी म्हणजे मुरमाड, उथळ. शेतकऱ्याला ही प्रतवारी कागद न बघता, वखराला माती किती चिकटते यावरून कळते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861 ते 1865) तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर याच काळीवरच्या हिंगणघाटच्या कापसावर गेली. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. त्याच सुमारास कापूस आयुक्त म्हणून आलेल्या जॉन हेन्री रिव्हेट-कार्नॅक यांनी एकीकडे कापसाच्या व्यवहाराचे अहवाल लिहिले, तर दुसरीकडे नागपूरजवळच्या जुनापाणीची दगडी वर्तुळे उकरली.

पण ही माती जेवढी देते, तेवढीच सतावतेही. मे महिन्यात शिवारात उतरून बघावे. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. काठी घातली तर ती आत उतरत जाते. पहिला मोठा पाऊस आला की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि वाट चिखलाने बंद होते. घराच्या भिंतीला हा दरवर्षीचा खेळ सोसत नाही. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, ती लिंपली तरी पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते.

जुन्या गावगाड्याने यावर मार्ग काढला होता तो काळी आणि पांढरी वेगळी ठेवून. पेरायचे ते काळीत, राहायचे ते पांढरीत. गावठाण शक्यतो जराशा उंचवट्यावर असे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि भिंतींची माती मिसळून तिथली जमीन फिकट झालेली असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’त ही विभागणी नोंदलेली आहे. आता मात्र काळीतच प्लॉट पाडले जातात.

घर कशाचे आणि कसे बांधायचे, हा प्रश्न याच खडकाच्या मुलखात एकदा जीवघेणा ठरला. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्यातली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदांखाली चिरडली गेली. दोष दगडाचा नव्हता. दगड एकमेकांना बांधून ठेवणारे काही भिंतीत नव्हते.

जागत्या ज्वालामुखीशेजारीही हिशेब असाच असतो: जीव वाचतात की जातात, ते माणसाच्या तयारीवर ठरते. कोलंबियात 1985 साली नेवादो देल रुइसचा धोका दाखवणारा नकाशा तयार होता, तरी आर्मेरो गाव रिकामे केले नाही आणि चिखलाच्या लोंढ्यात परिसरातली सुमारे 23 हजार माणसे गेली. उलट 1991 साली फिलिपिन्समध्ये पिनाटुबोच्या पायथ्याची हजारो माणसे वेळेत हलवल्यामुळे वाचली. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे आणि तिथे वस्तीच नाही.

वर्ध्यात लाव्हा येणार नाही, पण काळी माती दरवर्षी हलणार आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. ऋतुमानाने मातीची ओल जिथे बदलत नाही, त्या खोलीवर, साधारण साडेतीन मीटरवर, हे खांब टेकवतात. काळीत घर बांधणाऱ्याने आधी खड्डा खोदून मुरूम किती खोल लागतो ते पाहावे आणि पायाचा खर्च त्यावरून ठरवावा. भिंतीचा रंग नंतर निवडता येतो.