खाते पान ते इम्पोर्टरेंज: आकड्याच्या पत्त्याची गोष्ट

एका फाइलमधला आकडा दुसऱ्या फाइलमध्ये जातो कसा, आणि तिथे ताजा राहतो कसा? आजचा भाग या प्रश्नाच्या इतिहासावर.

अकरावी कॉमर्स केलेल्यांना कीर्द आणि खतावणी आठवत असेल. व्यवहार आधी कीर्दीत लिहायचा, मग तोच आकडा खतावणीतल्या त्या त्या खात्यावर न्यायचा. कीर्दीत एक बारीक रकाना असतो, ‘खा. पा.’, म्हणजे खाते पान. आकडा खतावणीत कुठल्या पानावर गेलाय, त्याचा पत्ता. मला तर हा रकाना आजच्या लिंकचा पणजोबाच वाटतो. फक्त कीर्दीत दुरुस्ती केली, म्हणून खतावणी आपोआप बदलत नाही. ती माणसालाच बदलावी लागते.

१९७९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर व्हिजिकॅल्क आलं. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ते बनवलं. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सगळी गणितं बदलायची. पण ही जादू एकाच शीटपुरती.

१९८२ च्या मायक्रोसॉफ्ट मल्टिप्लॅनमध्ये एक शीट दुसरीला जोडता यायची. पुढे एक्सेलनेही तोच धागा पकडला. १९८३ मध्ये आलेलं लोटस वन-टू-थ्री तुफान चाललं, पण सुरुवातीला त्यात दुसऱ्या फाइलमधले आकडे फक्त उचलून आणता येत. मूळ फाइल बदलली, तरी आणलेले आकडे जुनेच. फाइल जोडायची सोय लोटसमध्ये १९८९ ला आली.

म्हणजे बघा, १९९० च्या आधीच हा प्रश्न सुटला होता. आता २०१२ मध्ये या.

जेपी मॉर्गन बँकेला लंडनमधल्या सौद्यांत सहा अब्ज डॉलरच्या वर फटका बसला. ‘लंडन व्हेल’ म्हणून हे प्रकरण गाजलं. बँकेचाच चौकशी अहवाल २०१३ मध्ये आला. त्यात जोखीम मोजणाऱ्या मॉडेलबद्दल काय निघालं? ते अनेक एक्सेल शीट्सवर चालत होतं, आणि एका शीटमधले आकडे दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट केले जात होते! शिवाय एका सूत्रात सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागलं होतं, त्यामुळे जोखीम कमी दिसत होती. तोटा सौद्यांमुळे झाला, हे खरंच. पण धोका दाखवायचं काम ज्या कागदावर होतं, तोच कागद कच्चा होता.

मग लिंक केली की निर्धास्त? तसंही नाही. एक्सेल दुसऱ्या फाइलमधून शेवटचा आणलेला आकडा स्वतःजवळ ठेवतं. मूळ फाइलचं नाव किंवा फोल्डर बदललं, तर पत्ता चुकतो, पण जुना आकडा तसाच ऐटीत बसलेला दिसू शकतो. म्हणून फाइल उघडताना ‘अपडेट करू का?’ असं विचारलं, तर घाईत नाही म्हणू नका. गुगल शीट्समध्ये इम्पोर्टरेंज पहिल्यांदा परवानगी मागतं. ती देण्याआधी मूळ शीट कुणाची आहे, ते बघा.

खाते पान आकडा कुठे गेला ते सांगायचं. आपल्याला आणखी दोन गोष्टी लागतात: तो आला कुठून, आणि शेवटचा आला कधी. पुढच्या वेळी कुणी शीट पाठवली, की बेरीज बघण्याआधी हे दोन प्रश्न विचारा.

भेटू पुढच्या भागात!