घरातल्या मुक्या जिवांचीही तयारी हवी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि लोकल सेवा ठप्प झाली. असंख्य नोकरदारांनी ती रात्र कार्यालयात वा रस्त्यावर काढली. ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर एकटेच होते, त्यांना कुलपाआड अडकलेल्या त्या जिवापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या नाहूरसारख्या उपनगरात, जिथे सकाळी निम्मे घर लोकलने बाहेर पडते, आपत्तीची सुरुवात बहुधा अशीच होते.

म्हणूनच पहिली तयारी म्हणजे शेजाऱ्याकडे ठेवलेली घराची किल्ली. मात्र नुसती किल्ली पुरत नाही. परक्याने दार उघडले तर राखणदार कुत्रा गुरगुरणारच. शेजाऱ्याने अधूनमधून त्याला आपल्या हाताने खाऊ घालावे, फिरवून आणावे. तळमजल्यावरील रहिवाशांनी बाहेर जाताना कुत्र्याला साखळीने बांधून ठेवणे टाळावे आणि पिंजरा जमिनीवर ठेवू नये. पाणी चढू लागल्यावर बांधलेल्या प्राण्याला सुटका नसते.

लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या अनेक कारखान्यांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. तेथील प्रश्न निराळा. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला पंधरा मजले उतरवणार कसे? जाड चादरीची झोळी करून दोघांनी उचलणे हा सोपा उपाय. तो एकदा करून पाहिलेला असावा. मांजराची टोपली माळ्यावर धूळ खात पडलेली असते आणि ऐनवेळी काढली की मांजर पलंगाखाली दडते. ती टोपली एरवीही उघडी ठेवून मांजराला तिच्यातच झोपण्याची सवय लावावी.

जुलै २०२१ मध्ये भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचे पाणी शिरल्याने शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा खंडित झाला होता. कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. वीस किलोच्या कुत्र्यासाठी तीन दिवसांचे चार लिटर पाणी वेगळे भरून ठेवावे. त्यासोबत कोरडे खाद्य, औषधे, लसीकरणाचे कार्ड आणि मालकासह काढलेले प्राण्याचे छायाचित्र प्लास्टिकच्या पिशवीत असावे. मदतीत मिळालेली कांदा घातलेली खिचडी मात्र कुत्र्या-मांजरांना देऊ नये. कांदा त्यांना विषारी असतो.

उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही होतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वी, दरवर्षी टोचून घ्यावी.

२००५ च्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत कतरिना चक्रीवादळ आले, तेव्हा निवाऱ्यात प्राण्यांना मज्जाव असल्याने अनेकांनी घर सोडण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी तेथे त्यासाठी कायदा झाला. आपल्याकडे प्राण्यासह आसरा देणारे नातेवाईक कोण, हे मे महिन्यातच विचारून ठेवलेले बरे.

आग लागल्यास मात्र प्राण्यासाठी कोणीही परत आत जाऊ नये. खाली उतरून अग्निशमन दलाच्या जवानांना सदनिकेचा क्रमांक आणि मांजर कोणत्या खोलीत लपते, हे सांगावे.