संरचना अभियांत्रिकीचे अध्यापन : ठाणे आणि कल्याण-डोंबिवली

इमारत, पूल, पाण्याची टाकी यांच्यावरचा भार सुरक्षितपणे जमिनीत उतरवण्याचे शास्त्र म्हणजे संरचना अभियांत्रिकी. पदवीला ती पायरीपायरीने शिकवतात : आधी बलांचा समतोल, मग पदार्थांची ताकद, संरचनेचे विश्लेषण आणि त्यानंतर आयएस ४५६ : २००० प्रमाणे आरसीसी डिझाइन.

घराबाहेर काढलेली गॅलरी हे मूलतत्त्व समजावण्याचे उत्तम साधन. दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या तुळईत ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळया खाली. गॅलरी एकाच टोकाने धरलेली, तिथे ताण वर, म्हणून सळयाही वर. वहीत बेंडिंग मोमेंटची आकृती बिनचूक काढणाऱ्या विद्यार्थ्याने काँक्रीट ओतताना एकदा तरी साइटवर उभे राहिलेच पाहिजे. मजूर सळयांच्या जाळीवरून चालतात; ती वर उचलून धरणाऱ्या चेअर कमी पडल्या की वरच्या सळया दबून खाली जातात. काँक्रीट झाल्यावर बाहेरून काहीच कळत नाही.

कल्याणचा पत्री पूल हेच तत्त्व मोठ्या मापात दाखवतो. ब्रिटिशकालीन पूल धोकादायक ठरल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला. नव्या पुलाचा सुमारे ७७ मीटर लांबीचा पोलादी गर्डर नोव्हेंबर २०२० मध्ये मेगाब्लॉक घेऊन रुळांवरून पलीकडे सरकवला. जानेवारी २०२१ मध्ये पूल खुला झाला. सरकताना गर्डरचे पुढचे टोक अधांतरी असते. तेवढा वेळ तो गॅलरीसारखा वागतो, पलीकडे टेकला की ताण खालच्या अंगाला येतो. म्हणून उभारणीच्या प्रत्येक टप्प्याचे गणित वेगळे मांडावे लागते.

या शिक्षणाची निकड इथे वेगळी सांगायला नको. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्याजवळ काम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मरण पावले. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीची ‘मातृछाया’ आणि आठवड्याभरातच नौपाड्याची ‘कृष्णा निवास’ पडली. या दोन्ही जुन्या इमारती होत्या.

कायद्याने ३० वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यातली एक चाचणी विद्यार्थ्यांना लगेच पटते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथेलीन शिंपडले की निरोगी भाग गुलाबी होतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने क्षारीयता गमावलेला भाग रंगहीनच राहतो. ही रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोचली की गंजापासूनचे संरक्षण संपते, फुगणारा गंज काँक्रीटचे पापुद्रे पाडू लागतो. अशा चाचण्या आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून इमारतीची वर्गवारी ठरते : सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२अ रिकामी करून दुरुस्तीयोग्य, सी-२ब रिकामी न करता दुरुस्तीयोग्य, सी-३ किरकोळ दुरुस्तीची.