मिशनरींचे दौरे आणि त्यांच्या मुक्कामाच्या जागा

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या साधनांची मोजदाद करतांना बखरी, करीने, महजर, निवाडपत्रें आणि खासगी दप्तरें यांचीं नांवें आपण घेतों. एकोणिसाव्या शतकांतील ग्रामजीवनाचा विचार निघाला, म्हणजे जमाबंदीचे कागद, पाहणीचे अहवाल व गॅझेटियर पुढें येतात. परंतु याच शतकांत पावसाळा सरल्यावर गाडींत राहुटी घालून खेडींपाडीं पालथीं घालणारा आणखी एक वर्ग होता, आणि त्याच्या रोजनिशांकडे संशोधकांची दृष्टि क्वचितच वळते. हा वर्ग म्हणजे ख्रिस्ती मिशनरी होय. त्यांचें लिखाण धर्मप्रचाराच्या हेतूनें झालेलें असल्यामुळें एकांगी आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु एकांगी साधन टाकूनच द्यावयाचें म्हटलें, तर आपल्या कित्येक बखरीहि टाकाव्या लागतील. प्रश्न साधन घ्यावें कीं न घ्यावें हा नसून तें कसें वाचावें हा आहे. त्या वाचनाची एक किल्ली प्रस्तुत लेखांत सुचवावयाची आहे. ती अशी कीं, मिशनरीची रोजनिशी हातीं आल्यावर त्यानें काय पाहिलें हें विचारण्यापूर्वीं त्याचा मुक्काम कोठें होता हें विचारावें.

प्रथम ज्यांच्या डोक्यावर स्वतःचें छप्पर नव्हतें अशा एका प्रवाशाची हकीकत पाहूं. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी आपले सोबती सॅम्युएल नॉट यांच्यासह इ. स. १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. मराठी मुलखांतील अमेरिकन मिशनच्या कामास तेथून आरंभ झाला. पुढें तेरा वर्षांनीं, मार्च १८२६ मध्यें, दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन व पुस्तकें वांटीत ते नाशिकास गेले. त्या वेळीं तेथें पटकीची सांथ चालू होती. हॉल यांनीं बरोबरचीं औषधें रोग्यांस वांटलीं व परतीची वाट धरली. वाटेंत एका गांवीं देवळाच्या ओसरीवर त्यांनीं रात्र काढली, आणि पहांटे त्यांनाच पटकीनें गांठलें. मार्चच्या २० व्या तारखेस ते तेथेंच वारले. बरोबरच्या त्या दोन मुलांनींच त्यांचें दफन केलें. मराठी नव्या कराराच्या ज्या भाषांतरावर त्यांनीं वर्षानुवर्षें श्रम केले, तो नवा करारहि याच १८२६ सालीं मुंबईस पूर्ण झाला.

या हकीकतींत करुणरस आहे खरा, पण इतिहासाच्या दृष्टीनें तींतील एक बारकावा अधिक मोलाचा आहे. मूर्तिपूजेविरुद्ध उपदेश करीत हिंडणाऱ्या मनुष्यास शेवटचा आसरा मिळाला तो देवळाच्या ओसरीचा. त्या काळीं प्रवाशाची सोय धर्मशाळेंत, चावडींत किंवा देवळांत होत असे. तेथें उतरणारा मिशनरी गांवाचा पाहुणा असे. त्याला पाणी, सरपण व शिधा गांवाकडून मिळे, आणि गांवच्या रीतीभाती पाळूनच त्याला राहावें लागे. अशा मुक्कामावरून लिहिलेल्या मजकुरांत गांवाच्या आतील बाजूचें दर्शन घडतें. त्यांत पुजारी, कुलकर्णी, वाटसरू, बैरागी व यात्रेकरू यांचीं संभाषणें येतात. परंतु त्यांत एक मोठी उणीव राहते. देवळाच्या ओसरीवर महार-मांग येऊं शकत नव्हते. म्हणून तेथें बसून लिहिणाऱ्याला गांवाचा एक मोठा भाग दिसतच नव्हता, आणि दिसलाच तर दुरून.

पुढें जसजसा मिशनचा व्याप वाढला तसतशी दौऱ्याची रीत बदलली. अमेरिकन मिशननें १८३१ च्या अखेरीस अहमदनगर येथें ठाणें घातलें आणि तेथून आसपासच्या खेड्यांत दौरे निघूं लागले. दौऱ्याचा हंगाम ठरलेला असे. काळ्या मातीच्या वाटा पावसाळ्यांत गाड्यांना बंद होत आणि उन्हाळ्यांत कापडाखालीं राहणें दुःसह होई. त्यामुळें दिवाळीच्या सुमारापासून शिमग्याच्या आगेमागेपर्यंतचे महिनेच काय ते हातीं राहत. खटाऱ्यांत तंबू, कनाती, मेखा, तणावे, भांडीं, औषधांची पेटी आणि पुस्तकांचे गठ्ठे भरलेले असत. चाल बैलांच्या पावलांची. मुक्काम गांवकुसाबाहेर, बहुधा आमराईंत आणि विहिरीच्या किंवा ओढ्याच्या जवळ. हा सर्व सरंजाम मिशनऱ्यांनीं नव्यानें निर्माण केला असें नाहीं. दौऱ्यावरील सरकारी अंमलदारांचे तंबूहि अशाच जागीं पडत.

येथें दोन परिणाम झाले आणि ते परस्परविरोधी होते. पहिला असा कीं, तंबूमुळें मिशनरी गांवाचा पाहुणा राहिला नाहीं. त्याचें घर त्याच्याबरोबर चालूं लागलें. कलेक्टराच्या तंबूसारखाच तंबू पाहून गांवकऱ्यांस तो सरकारी साहेबच वाटला असल्यास नवल नाहीं. म्हणून पाटलानें त्याच्या तंबूंत येऊन काय सांगितलें हें वाचतांना तें साहेबास सांगितलेलें बोलणें आहे हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. सारा, कर्ज व दुष्काळ यांविषयींच्या गाऱ्हाण्यांना तर हा इशारा विशेषच लागू पडतो.

दुसरा परिणाम याच्या उलट आहे, आणि माझ्या मतें तोच अधिक महत्त्वाचा. गांवकुसाबाहेरची आमराई ही गांवच्या मालकीची असली तरी देवळासारखी बंद जागा नव्हती. महारवाडाहि गांवकुसाबाहेरच असे. देवळाच्या ओसरीवर जो येऊं शकत नव्हता तो तंबूच्या दोरीपर्यंत येऊं शकत होता. अहमदनगर जिल्ह्यांत अमेरिकन मिशनच्या मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः महार व मांग समाजांतून. या घटनेचीं कारणें पुष्कळ आहेत. शाळा, दुष्काळांतील मदत आणि स्वजनांचीं नातीं हीं त्यांतील ठळक होत. परंतु मुक्कामाची जागा हेंहि त्यांतील एक कारण धरण्यास हरकत नाहीं. उपदेशकानें काय सांगितलें यापेक्षां तो कोठें बसून सांगत होता या गोष्टीनें ऐकणारा कोण हें अधिक ठरविलें असावें. हें अनुमान आहे, परंतु रोजनिशांतील मुक्कामांच्या याद्या व मंडळ्यांच्या स्थापनेच्या याद्या शेजारीं शेजारीं मांडून तें पारखतां येण्याजोगें आहे.

दौऱ्याचा लाभ केवळ समाजेतिहासासच झाला असें नाहीं. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनीं तर त्याचें ऋण मानलेंच पाहिजे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्यें मुंबईस आले. मार्च १८३५ मध्यें गुजराथ व काठेवाडच्या दौऱ्यावर असतां त्यांनीं जुनागडाजवळ गिरनारच्या पायथ्याची लेखांकित शिळा तपासली. त्यापूर्वीं १८२२ मध्यें कर्नल टॉड यांनीं ती पाहिली होती, परंतु लेख वाचला गेला नव्हता. पुढें विल्सन यांच्यासाठीं कॅप्टन लँग यांनीं कापडावर उतरलेल्या प्रतीवरून हा मजकूर कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्या हातीं गेला. ब्राह्मी लिपीचा उलगडा प्रिन्सेप यांना १८३७ मध्यें झालाच होता. गिरनारच्या लेखांत त्यांना १८३८ मध्यें अंतियोक व तुरमाय या यवन राजांचीं नांवें आढळलीं, आणि अशोकाचा काळ ग्रीक इतिहासाच्या कालगणनेशीं जोडतां आला. पुढें १८४८ मध्यें मुंबई सरकारनें लेण्यांच्या पाहणीसाठीं जें मंडळ नेमलें त्याचे अध्यक्षहि विल्सनच होते. जो मनुष्य मूर्तींचें खंडन करण्यास निघाला त्याच्याच दौऱ्यामुळें एका बौद्ध सम्राटाचे शब्द पुन्हां वाचले जाण्यास मदत झाली. इतिहासाच्या साधनांत असे योग अनेक आहेत, पण इतके स्पष्ट थोडेच.

आतां श्रद्धेचा भाग. मिशनरीला तंबू हा केवळ सोयीचा नव्हता. त्याच्या धर्मग्रंथांत अब्राहाम आपली मायभूमि सोडून तंबूंत राहिला. इस्राएल लोक मिसरांतून निघाल्यावर रानांत वणवण करीत असतां त्यांचें उपासनास्थानहि कापडी निवासमंडपच होतें. खुद्द प्रेषित पौल तंबू करण्याचा धंदा करून पोट भरीत असे. पृथ्वीवरील राहणें हा मुक्काम असून खरें नगर पुढें आहे ही कल्पना त्याच्या मनांत पूर्वींपासून रुजलेली होती. विल्सन १८४३ मध्यें मायदेशीं निघाले ते मिसर, सिनाय, पेत्रा, पॅलेस्टाईन व सीरिया या वाटेनें. बरोबर धनजीभाई नवरोजी हे १८३९ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले पारशी गृहस्थ होते. या प्रवासावर विल्सन यांनीं १८४७ मध्यें दोन भागांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. उंटांवर सामान लादून आणि वाळवंटांत तंबू ठोकून केलेल्या त्या प्रवासांत शास्त्रांतील जागा व डोळ्यांपुढील जागा एकमेकींवर ठेवून पाहिलेल्या आहेत.

हीच दृष्टि दख्खनच्या दौऱ्यांतहि काम करीत होती, आणि येथेंच वाचकानें सावध राहिलें पाहिजे. विहिरीवरील बायका, खळ्यांतील मळणी, मेंढरांमागचा धनगर हीं चित्रें मिशनरीच्या लेखणींतून जिवंत उतरतात, कारण तीं त्याला शास्त्रांतून आधींच ओळखीचीं होतीं. ज्याला शास्त्रांत जोड नव्हती तें मात्र त्याच्या नजरेंतून निसटे किंवा विपर्यस्त होई. याचें उत्तम उदाहरण पंढरीची वारी. राहुट्या व पालें घेऊन मुक्कामामागून मुक्काम करीत, अभंग गात चालणारा दिंडीचा वारकरी हा तंबूंत राहणाऱ्या मिशनरीचा खरा सहप्रवासी. परंतु पंढरीची मूर्ति आड आल्यामुळें हें साम्य परकी मिशनरीच्या लक्षांत सहसा आलें नाहीं.

तें आलें एका मराठी माणसाच्या. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकारामाचें ऋण त्यांनीं कधीं लपविलें नाहीं, आणि ख्रिस्ताची भक्ति अभंगांत गाइली. १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ख्रिस्ती संन्याशाचें जिणें पत्करलें आणि १९१९ मध्यें ते निवर्तले. हॉल यांना गांवाच्या ओसरीचा आधार होता. त्यांच्यामागून आलेल्यांनीं आपलें घर खटाऱ्यावर लादून आणलें. टिळकांनीं तो सरंजाम टाकून भारतीय साधूची वाट धरली. ओसरी, तंबू आणि संन्यास या तीन टप्प्यांत महाराष्ट्रांतील ख्रिस्ती धर्माचा गांवाशीं असलेला संबंध कसा बदलत गेला हें थोडक्यांत दिसून येतें.

या विवेचनावरून संग्राहकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, मिशनरींची रोजनिशी किंवा पत्रें हातीं आल्यास तारीखवार मुक्कामांची यादी प्रथम तयार करावी आणि प्रत्येक मुक्काम देवळांत, चावडींत, धर्मशाळेंत कीं तंबूंत हें नोंदवावें. दुसरी, इंग्रजी वर्णांत विपर्यास पावलेलीं ग्रामनामें त्या त्या भागांतील मोडी दप्तरांशीं ताडून निश्चित करावीं. कुलकर्ण्याच्या कागदांत साहेबाच्या मुक्कामाची किंवा शिध्याची नोंद मिळाली, तर एकाच रात्रीच्या दोन बाजू आपल्यापुढें येतील. तिसरी, दौऱ्यावर बरोबर असलेल्या मराठी माणसांची नांवें वेगळीं काढावीं. मेखा ठोकणारा, गाडी हांकणारा, पुस्तकें वांटणारा, कीर्तन करणारा यांचा उल्लेख ओझरता असतो, आणि कित्येकदां तर नांवहि नसतें. हॉल यांची कबर खणणाऱ्या त्या दोन मुलांवांचून त्यांचा शेवट जगाला कळला नसता.

दप्तरें किल्ल्यांत व वाड्यांत सांपडतात अशी आपली समजूत झाली आहे. ती बरोबरच आहे. पण कांहीं दप्तरें बैलगाडींतून हिंडलीं, आमराईंत कंदिलाच्या उजेडांत लिहिलीं गेलीं, आणि पुढें परदेशांतील मिशनसंस्थांच्या कपाटांत जाऊन पडलीं. त्यांतला उपदेश वगळून त्यांतलें गांव आपण वाचूं शकतों. मात्र गांव वाचतांना तें कोणत्या ओसरीवरून अथवा कोणत्या तंबूंतून पाहिलें गेलें, याचा विसर पडूं देतां कामा नये.